सागरज औषधिद्रव्ये : परीक्षा, उपलब्धता आणि आपले दायित्व

आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा विचार करताना प्रथम वनस्पती आणि त्यानंतर धातू व खनिजे आपल्या डोळ्यांसमोर येतात. समुद्रातील जीवांपासून मिळणाऱ्या द्रव्यांचा स्वतंत्र विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक प्रवाळपंचामृताचे पाचही मुख्य घटक, म्हणजे प्रवाळ, मौक्तिक, शंख, मुक्ताशुक्ती आणि कपर्दिका, समुद्रातील सजीवांनीच घडविलेले आहेत. कामदुधा, शंखवटी, सूतशेखर, लोकनाथ रस यांतही यांपैकी एक वा अनेक द्रव्ये आहेत. ही पाच द्रव्ये वैद्याच्या कपाटातून काढून घेतली, तर अम्लपित्त, परिणामशूल आणि ग्रहणी यांची चिकित्सा पांगळी होईल, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

असे असूनही ही द्रव्ये कोठून येतात, ती घडविणारा जीव कोणता, त्याची वाढ किती काळात होते आणि त्याच्या व्यापारावर आज कोणते निर्बंध आहेत, याविषयी आपल्या व्यवसायात बरीच उदासीनता दिसते. औषधनिर्माता घाऊक व्यापाऱ्याकडून गोणी घेतो आणि वैद्य निर्मात्याकडून डबी. दोघांचाही समुद्राशी संबंध येत नाही. प्रस्तुत लेखात या द्रव्यांची परीक्षा, उपलब्धता आणि कायदेशीर बाजू यांचा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे. गुणधर्म व मात्रा वाचकांना परिचित असल्याने त्यांची पुनरुक्ती टाळली आहे.

शास्त्रातील स्थान

प्राचीन आचार्यांना समुद्र अपरिचित नव्हता. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील अन्नपानविधीत आनूप मांसवर्गाचे पाच गण सांगितले असून त्यांतील कोशस्थ गणात शंख, शंखनक, शुक्ती, शंबूक इत्यादींची गणना केली आहे. मत्स्यांचे नादेय आणि सामुद्र असे दोन भेदही तेथे येतात. कवचात राहणारा जीव हा आहार आहे आणि त्याचे कवच हे औषध आहे, ही दोन्ही ज्ञाने एकाच परंपरेत नांदत होती. पुढे रसशास्त्राच्या उत्कर्षकाळात मुक्ता व प्रवाळ यांना रत्नवर्गात, तर कपर्द व अग्निजार यांना साधारण रसांत स्थान मिळाले. शंखाची नाभी चंद्रोदया वर्तीसारख्या नेत्ररोगावरील कल्पात गेली.

एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. आधुनिक रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही सर्व द्रव्ये मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आहेत. या एका वाक्याच्या आधारे "मग प्रवाळ कशाला, खडू का नको?" असा प्रश्न विचारणारे महाभाग आपल्याला भेटतात. परंतु कॅल्शियम कार्बोनेट निसर्गात निरनिराळ्या स्फटिकरूपांत आढळते. शंख, कवडी आणि मोती यांत ते प्रामुख्याने ॲरॅगोनाइट या रूपात असते. भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळात ते मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटच्या रूपात असते आणि त्याचा रंग कॅरोटिनवर्गीय रंजकद्रव्यांमुळे येतो. शिवाय प्रत्येकात त्या जीवाने स्रवलेले सेंद्रिय द्रव्य अल्प प्रमाणात मिसळलेले असते. गुलाबजलात खल केलेल्या पिष्टीत हे सर्व बहुतांशी टिकून राहते, पुटात मात्र टिकत नाही. तीव्र उष्णतेने ॲरॅगोनाइटचे कॅल्साइट होते आणि उष्णता आणखी वाढल्यास कार्बोनेटचे विघटन होऊन चुना शिल्लक राहतो.

याचा व्यावहारिक अर्थ निर्मात्यांनी नीट ध्यानात घ्यावा. गजपुट दिल्यानंतर समोर जे पांढरे, मृदू चूर्ण येते ते प्रवाळाचे, साध्या शिंपल्याचे की किनाऱ्यावरून वेचलेल्या कोणत्याही कवचाचे, हे नेहमीच्या परीक्षणांनी सांगता येत नाही. रेखापूर्णत्व, वारितरत्व, निश्चंद्रत्व या परीक्षा भस्म नीट झाले की नाही हे सांगतात, ते कशाचे झाले हे सांगत नाहीत. म्हणून या वर्गातील द्रव्यांची खरी परीक्षा शोधनापूर्वी, गोणी उघडताना करावयाची असते. ती वेळ एकदा गेली की पुन्हा येत नाही.

प्रवाळ

सर्वांत महाग, सर्वांत भेसळयुक्त आणि समुद्राच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असे हे द्रव्य आहे. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

रत्नरूपाने वापरले जाणारे लाल प्रवाळ म्हणजे कोरॅलियम रुब्रम या जीवसमूहाचा कठीण अक्ष होय. तो भूमध्य समुद्रात आणि त्याला लागून असलेल्या अटलांटिकच्या काही भागांत वाढतो, भारताच्या किनाऱ्यावर नाही. आपल्याकडे पोवळे पश्चिमेकडून येत असे, ही गोष्ट फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात प्रवाळाचा उल्लेख उगमस्थानावरून ठेवलेल्या नावांनी येतो. रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही, आपल्या लोकांना हिंदुस्थानच्या मोत्यांचे जितके मोल वाटते तितकेच तेथील लोकांना पोवळ्याचे वाटते, अशा आशयाची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकात केली आहे. इटलीतील नेपल्सजवळचे तोरे देल ग्रेको हे गाव आजही पोवळ्याच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे.

हा जीव अत्यंत मंद गतीने वाढतो. त्याच्या बुंध्याची जाडी वर्षाला साधारणपणे मिलिमीटरचा पाव ते तृतीयांश भाग इतकीच वाढते. म्हणजे करंगळीहूनही बारीक, सात मिलिमीटर जाडीची काडी तयार होण्यास वीस ते तीस वर्षे लागतात. भूमध्य समुद्रातील मासेमारीचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये पन्नास मीटरपेक्षा कमी खोलीवरील प्रवाळ काढण्यास मनाई केली आणि २०१२ मध्ये बुंध्याचा किमान व्यास सात मिलिमीटर ठरविला. जाळी बांधलेला जड क्रूस समुद्रतळावरून फरफटत नेऊन प्रवाळ तोडण्याच्या जुन्या पद्धतीवर युरोपीय संघाने त्यापूर्वीच, १९९४ मध्ये, बंदी घातली होती.

आता रसग्रंथांतील ग्राह्य प्रवाळाची लक्षणे आठवावीत. ते पिकलेल्या तोंडल्याच्या रंगाचे, वाटोळे, लांब, सरळ, स्निग्ध, व्रणरहित आणि स्थूल असावे. फिकट, धूसर, बारीक, छिद्रयुक्त आणि वजनाला हलके असलेले त्याज्य मानावे. आचार्यांनी हा निकष औषधाच्या गुणवत्तेसाठी सांगितला आहे; त्यामागे सागरसंवर्धनाचा हेतू होता असे म्हणण्याचा उत्साह आम्हाला नाही. तथापि परिणाम पाहिला तर स्थूल प्रवाळ म्हणजे पूर्ण वाढलेले प्रवाळ, आणि शास्त्राने सांगितलेले द्रव्य घेणारा निर्माता कोवळ्या वसाहतींची मागणी आपोआप कमी करतो. याउलट बाजारात 'प्रवाळशाखा' म्हणून आगपेटीच्या काडीइतक्या बारीक तुकड्यांची जी गोणी मिळते, ती शास्त्रदृष्ट्या हीन असते आणि तिचा उगमही संशयास्पद असू शकतो. प्रत्येक बारीक तुकडा कोवळ्या वसाहतीचाच असतो असे मात्र नाही, कारण मोठ्या वसाहतीची टोकेही बारीकच असतात. म्हणून या बाबतीत कागदपत्रांचे महत्त्व वाढते. दागिन्यांसाठी मणी कापताना उरणारे जाड तुकडे आणि कातरण हा आमच्या मते औषधनिर्मात्यासाठी सर्वांत योग्य माल आहे. त्यासाठी वेगळा जीव तोडावा लागत नाही आणि जाडीमुळे द्रव्याची ओळखही पटते.

भेसळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. 'प्रवाळमूळ' म्हणून आम्ही पाहिलेल्या मालात अनेकदा ट्युबिपोरा म्युझिका या जातीचे तुकडे आढळले. ही जात ओळखणे मुळीच अवघड नाही. तिच्यात लाल रंगाच्या बारीक पोकळ नळ्या एकमेकींना समांतर उभ्या असतात आणि मधूनमधून आडव्या पातळ पडद्यांनी जोडलेल्या असतात. बाजाच्या पेटीतील नळ्यांसारखी ही रचना नुसत्या डोळ्यांनी दिसते. खरे प्रवाळ भरीव असते, त्याच्या पृष्ठावर अतिशय सूक्ष्म उभ्या रेषा असतात आणि आडव्या छेदात पोकळी नसते. रसग्रंथातील 'निर्भार' हा दोष अशा पोकळ मालाला तंतोतंत लागू पडतो.

रंगविलेला माल ही दुसरी भेसळ. वेळू-प्रवाळ, स्पंजासारखे सच्छिद्र प्रवाळ किंवा साधा शिंपला लाल रंगात बुडवून विकला जातो. पांढऱ्या कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून तुकड्यावर घासावा. बोळ्याला रंग लागल्यास माल परत करावा. लिंबाच्या रसाचा थेंब टाकून फेस पाहण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, परंतु तिची मर्यादा ओळखावी. काच आणि प्लास्टिक त्या परीक्षेत पकडले जातात, पण शिंपला, संगमरवर आणि अन्य कोणतेही प्रवाळ खऱ्या प्रवाळाप्रमाणेच फेसाळते.

ट्युबिपोराचा प्रश्न केवळ भेसळीपुरता मर्यादित नाही. २००१ मध्ये केंद्र शासनाने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती घडविणारी सर्व प्रवाळे, सर्व काळी प्रवाळे, सर्व अग्निप्रवाळे, समुद्रपंखे आणि ट्युबिपोरा म्युझिका यांचा समावेश केला. वाघाला जे संरक्षण आहे तेच या जीवांना मिळाले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आहे आणि पहिल्या अनुसूचीतील जीवांबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास व किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. "आम्हाला व्यापाऱ्याने प्रवाळमूळ म्हणून दिले" हा युक्तिवाद तपास अधिकाऱ्यापुढे किती टिकेल, याचा विचार प्रत्येक निर्मात्याने स्वतःच करावा.

आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळे आहेत. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ती आढळतात आणि तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर असलेल्या आंग्रिया बँक या उथळ भागातही प्रवाळभित्ती आहे. ही भित्तिप्रवाळे आहेत. रसशास्त्रातील प्रवाळाशी त्यांचा संबंध नाही. किनाऱ्यावर वाहून आलेला पांढरा तुकडा स्थानिक माणसाने 'प्रवाळ' म्हणून आणून दिला, तरी तो औषधाच्या कामाचाही नाही आणि जवळ बाळगण्याजोगाही नाही.

मौक्तिक आणि मुक्ताशुक्ती

मन्नारच्या आखातातील मोत्यांची कीर्ती प्राचीन आहे. तेथील नैसर्गिक मोत्यांची अखेरची मोठी मोहीम १९६१ साली झाली. त्यानंतर शिंपल्यांची संख्या घटल्याने ती पुन्हा पूर्वीसारखी भरली नाही. १९७३ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतिकोरीन येथे पिंक्टाडा फुकाटा या शिंपल्यात संवर्धित मोती तयार करण्यात यश मिळविले. आज औषधासाठी मिळणारा मोती जवळजवळ सर्व संवर्धित असतो, आणि त्यात दोषास्पद असे काही नाही. मात्र संवर्धनाची पद्धत निर्मात्याने समजून घेतली पाहिजे.

समुद्री शिंपल्यात मोती वाढवताना बहुधा त्यात एक गोल मणी बसविला जातो. हा मणी गोड्या पाण्यातील शिंपल्याच्या जाड कवचापासून कोरलेला असतो आणि शिंपला त्यावर मोत्याच्या द्रव्याचे पातळ थर चढवितो. असा मोती फोडल्यास आत बव्हंशी तो मणीच निघतो. दागिन्यासाठी हे चालते, कारण तेथे पृष्ठाची झळाळी पाहिली जाते. खलात मात्र सबंध मोती जातो, म्हणजे पिष्टीत मोठा वाटा साध्या शिंपल्याचा असतो. गोड्या पाण्यातील बहुतेक संवर्धित मोती याउलट मण्याऐवजी ऊतीचा तुकडा बसवून वाढविलेले असतात आणि ते आरपार मोत्याच्याच द्रव्याचे असतात. दिसायला ते वेडेवाकडे, किमतीला कमी. पण औषधासाठी आम्ही त्यांनाच पसंती देऊ. खरेदीच्या वेळी दोन-चार मोती कापून पाहणे हा एवढाच उपाय पुरेसा आहे. मधोमध वेगळा गोल दिसला तर तो मण्याचा मोती समजावा.

मोती परवडत नसेल तर मुक्ताशुक्ती वापरावी, असे भावप्रकाशातील प्रतिनिधिद्रव्यांच्या विवेचनात सांगितलेलेच आहे. मोतीशिंपल्याचा आतील चकाकणारा थर आणि मोती हे एकाच प्रकारच्या स्रावातून, एकाच रचनेने घडलेले असतात. बाहेरचा खडबडीत थर रचनेने भिन्न असतो, म्हणून तो घासून काढण्याची पद्धत युक्तच आहे. 'मोतीयुक्त' असे वेष्टनावर छापून आत शुक्ती घालणे ही वेगळी गोष्ट. त्याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

शंख, कपर्दिका, समुद्रफेन

शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पाणबुड्ये तो तळावरून वेचतात आणि बंगालमधील बांगड्यांचा पारंपरिक उद्योग त्यावर उभा आहे. २००१ च्या सूचीत या जातीचा समावेश नव्हता. औषधासाठी सबंध, पूजेच्या योग्यतेचा शंख लागत नाही. बांगड्या कापून उरलेले तुकडे पुरतात, फक्त ते रंग वा लाख न लागलेले असावेत. कुंभशंख, तुतारीशंख अशा मोठ्या देखण्या जाती संरक्षित आहेत, त्या दुकानात शोभेसाठीही ठेवू नयेत.

कपर्दिकेबाबत शास्त्र स्पष्ट आहे. ती पिवळसर, पाठीवर गाठी असलेली असावी आणि दीड निष्क वजनाची श्रेष्ठ, एक निष्काची मध्यम, पाऊण निष्काची कनिष्ठ मानावी. हे वर्णन सायप्रिया मोनेटा या मालदीव-लक्षद्वीपकडील जातीस चांगले जुळते; हीच कवडी एकोणिसाव्या शतकापर्यंत चलन म्हणून चालत होती. काही मोठ्या नक्षीदार कवड्या संरक्षित आहेत, परंतु औषधाला त्यांची गरज नाही.

समुद्रफेन हा समुद्राचा फेस नव्हे, हे बहुतेक वैद्यांना ठाऊक आहे. ग्राहकांना मात्र अजूनही सांगावे लागते. तो माकुळाच्या एका प्रकाराच्या, म्हणजे सेपियाच्या, पाठीतील सच्छिद्र कवच आहे. मासळीप्रक्रियेच्या कारखान्यांत तो टाकाऊ म्हणून निघतो आणि पावसाळ्याच्या आसपास कोकणच्या पुळणींवर आपोआप येऊन पडतो. या सर्व वर्गात निसर्गाला सर्वांत कमी भार देणारे द्रव्य हेच. कर्णपूरणासाठी वापरावयाचा समुद्रफेन पुळणीवर फार दिवस पडलेला, तेलकट वा पिवळा पडलेला नसावा. बंदरानजीकच्या वा कारखान्यांच्या सांडपाण्याजवळच्या किनाऱ्यावरून तो वेचू नये. कवचधारी जीव पाण्यातील जड धातू आपल्या शरीरात साठवितात. शिंपल्यांपासून केलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांत शिसे आढळल्याची उदाहरणे पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या अखेरीसच पुढे आली होती. शिसे आणि कॅडमियम यांसाठी कच्च्या मालाचे परीक्षण करून घेणे आता टाळता येणार नाही.

अग्निजार

रसरत्नसमुच्चयात अग्निजार हा अग्निनक्र नावाच्या प्राण्याचा, समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला व सूर्यतापाने वाळलेला जरायू म्हणून वर्णिला आहे. सामान्यतः तो अंबर, म्हणजे स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ, असे मानले जाते. या देवमाशाला कायद्याचे संरक्षण आहे आणि अंबराचा तर अधिनियमाच्या व्याख्येतच नावानिशी उल्लेख आहे. "तो आपोआप वाहून येतो, मासा मारावा लागत नाही" हे खरे असले, तरी त्यामुळे तो बाळगणे वा विकणे कायदेशीर ठरत नाही. २०२१ पासून कोकणपट्टी, ठाणे आणि पुणे परिसरात 'देवमाशाची उलटी' या नावाने झालेल्या जप्तीच्या बातम्या वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचल्या असतील. वाजीकरण कल्पांच्या नावाखाली कोणी हा पदार्थ देऊ केल्यास वैद्याने दारातूनच नकार द्यावा.

समुद्राने आधुनिक वैद्यकालाही औषधे दिली आहेत, आणि त्यांची कथा येथे उपयोगी आहे. कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात सापडलेल्या संयुगांवरून सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध तयार झाले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. शंकूच्या आकाराच्या एका विषारी गोगलगायीच्या विषातील द्रव्यावरून तीव्र वेदनेवरील झिकोनोटाइड घडले व २००४ मध्ये मान्य झाले. ही दोन्ही औषधे आज कारखान्यात कृत्रिम रीतीने बनतात. त्यांसाठी समुद्रातील जीव काढावा लागत नाही. आपले तसे नाही. प्रवाळाचे भस्म प्रवाळापासूनच होते, आणि म्हणून समुद्रातील साठ्याची चिंता आपल्याला अधिक असावयास हवी. त्यातच हवेतील कर्बवायू समुद्रात मुरल्याने औद्योगिक युगाच्या प्रारंभापासून पृष्ठजलाचा सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे. आकडा लहान दिसतो, परंतु पाणी जितके आम्लतेकडे झुकते तितके कवच घडविणे या जीवांना कठीण होते.

औषधालयासाठी

शेवटी काही व्यावहारिक सूचना. प्रत्येक सागरज द्रव्याच्या खरेदीनोंदीत शास्त्रीय नाव, मूळ देश वा किनारा, पुरवठादार आणि आयात मालाच्या बाबतीत सीमाशुल्क कागदपत्रांचा क्रमांक लिहावा. केवळ 'प्रवाळ, ५ किलो' अशी नोंद कोणत्याही तपासणीत निरुपयोगी आहे. चिनी समुद्राकडील चार प्रवाळजाती चीनच्या विनंतीवरून २००८ पासून साइटीस कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आहेत. त्या भागातील माल असल्यास त्यासोबतचे प्रमाणपत्र मागावे. प्रत्येक घाणीतील मूठभर अशोधित नमुना, तारीख घालून, त्या घाणीच्या भस्माची मुदत संपेपर्यंत बाटलीत जपावा. पुढे शंका उपस्थित झाल्यास तीच बाटली आपली साक्षीदार असते.

जुन्या औषधालयांत वडिलोपार्जित डब्यांतून काळे प्रवाळ, प्रवाळमूळ वा अंबर निघण्याचा संभव असतो. असा साठा जाहीर करण्यासाठी २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली आहे. तो परस्पर विकू नये, दुसऱ्या वैद्यास देऊ नये किंवा गुपचूप समुद्रात टाकू नये. वकिलाचा सल्ला घेऊन वन विभागाला लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच खरेदीनोंदीच्या वहीतच लावून ठेवावी.